आजोबांच्या काठीची मूठ

मागच्या रविवारी व्हिडिओ फोनवर बोलताना तुम्ही दोघांनी एकदमच विचारलं की, दारामागच्या खुंटीवर आजोबांची काठी टांगलेली दिसते, तिच्या मुठीला कापड का गुंडाळलंय. तेवढ्यात दूधवाला आला म्हणून माझं उत्तर अर्धवट राहिलं. शिवाय ते फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही. म्हणून क्रमाने लिहिते. तुमचा बाबा तुम्हाला वाचून दाखवील. एखादा शब्द अडला तर त्याला विचारा, पण अंगणात उडालेल्या भडक्याबद्दल तो जे सांगेल त्यातलं निम्मंच खरं धरा. तो तिथे नव्हता.

कापडाखालची मूठ ॲल्युमिनियमची आहे आणि ती मी घरी ओतलेली आहे, ज्या अंगणात तुम्ही सायकल फिरवत होतात तिथेच.

हा नाद मला तुमच्यातल्या थोरल्यामुळे लागला. मागे तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा त्याने मला एक व्हिडिओ दाखवला होता. कुठल्याशा देशातला एक गृहस्थ घरामागे बादलीएवढ्या भट्टीत ॲल्युमिनियम वितळवून त्याचा बेडूक ओतत होता. थोरला बेडकाकडे बघत होता, मी भट्टीकडे. मी अमरावतीला विज्ञान शिकले, सगळं इंग्रजीतून, आणि पुढे मालेगावला शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवलं. कोणता धातू किती अंशांवर वितळतो हे मुलांकडून घोकून घेतलं. स्वतः मात्र मेणबत्तीपलीकडे काही वितळवलेलं नव्हतं. तुम्ही परत गेलात आणि घर शांत झालं तशी मी भट्टीच्या मागे लागले.

लोखंडी बादली घेतली. आतून भट्टीच्या विटांचा चुरा आणि माती यांचा जाड थर दिला आणि तळाशी वारा शिरायला एक पाइप बसवला. वारा घालायला लोहाराने मोडीत काढलेला, हाताने फिरवायचा पंखा मिळाला. धातू वितळतो ते भांडं, म्हणजे मूस, तेवढी बाहेरून मागवावी लागली. जळण म्हणून बाभळीचा कोळसा. आधी मी फुटक्या पातेल्यांवर प्रयोग केले, पण पातेल्याचा पत्रा वितळला तरी साच्यात नीट वाहत नाही आणि त्याची निम्मी मळीच होते. मग गॅरेजमधून मोटरसायकलींचे जुने पिस्टन आणले. ते मुळातच ओतून केलेले असतात, त्यामुळे दुसऱ्यांदा ओतायलाही कुरकुर करत नाहीत.

साचा रेतीचा असतो. लाकडाच्या दोन चौकटी एकीवर एक ठेवायच्या, त्यांच्यामध्ये आपल्याला हव्या त्या वस्तूचा नमुना ठेवून रेती ठोकून भरायची, मग चौकटी उघडून नमुना अलगद काढून घ्यायचा. आत त्याच्या आकाराची पोकळी राहते. वरून धातू ओतायला एक भोक ठेवायचं. रेती एकमेकींना धरून राहावी म्हणून तिच्यात चिकट माती मिसळावी लागते. व्हिडिओतला गृहस्थ ती पुड्यातून विकत आणत होता. मी शेतातली काळी माती वाळवून, कुटून, गाळून वापरली. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चपलेला कशी धरते ते तुम्हाला ठाऊक आहे. रेतीलाही तशीच धरते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे तुमची मोठी आजी, अंगणाच्या पलीकडच्या घरात राहतात. अंगण दोन्ही घरांचं एकच. त्या रिठद गावातल्या, मी शहरातली. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं इंग्रजी शिक्षण हा त्यांच्या चेष्टेचा विषय आहे. भट्टी पाहून त्या ओट्यावर बसल्या आणि आल्यागेल्याला सांगू लागल्या, "कॉलेजात जाऊन आमची बाई भंगारवालीन झाली." ॲल्युमिनियमला त्या इथल्या सगळ्यांसारखं जर्मन म्हणतात. जर्मनची भांडी विकत मिळतात, ती मोडून पुन्हा जर्मन करण्यात काय मिळतं, असा त्यांचा प्रश्न होता. आजोबांचं म्हणणं एवढंच होतं की पेन्शन घेतल्यावर लोक तीर्थाला जातात, ही लोहाराच्या साळेत चालली.

पहिलं ओतकाम करपलेल्या भाकरीसारखं चपटं निघालं. दुसऱ्यात साचा मधूनच ढासळला. मग हळूहळू कपाटाच्या मुठी जमल्या, फाटकाची कडी जमली. एक डोळा बुजलेला तो जाड बेडूक जमला, तो तुमच्याकडे आहेच. मोठ्या आजीने स्वतःच्या कपाटालाही दोन मुठी मागून घेतल्या आणि बसवताना त्या वाकड्या असल्याचं सांगितलं.

या नादात जिवावरची गोष्ट एकच, पाणी. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते. वाफेला जागा हवी असते आणि ती जागा ती धातूला उडवून करून घेते. म्हणून मी ओतताना कातडी बूट, जाड कापडाचं ॲप्रन आणि चष्मा घालते, आणि अंगणात त्या वेळी पाण्याचा तांब्याही ठेवू देत नाही. साच्याच्या रेतीत थोडी ओल लागतेच, पण ती इतकीच की मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि हाताला ओलं लागू नये.

आता आजोबांकडे येते.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ते ट्रॉलीवरून उतरताना घसरले आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. वॉकर धरून ते घरातल्या घरात चालू लागले. मग व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं की आता वॉकर सोडून काठी घ्यायची, आणि मोडलेला पाय डावा असल्यामुळे काठी उजव्या हातात धरायची. चालणं जितकं पुढे ढकलाल तितकं पायातलं बळ कमी होत जाईल, हेही तिने स्पष्ट सांगितलं.

आणि उजवा हात हीच अडचण होती. तुम्ही लहानपणी आजोबांना विचारायचात की तुमची दोन बोटं कुठे गेली आणि ते म्हणायचे, बैलाने खाल्ली. बैलाने खाल्लेली नाहीत. ते तरुण असताना कडबा कापायच्या यंत्रात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तेव्हापासून त्यांनी विळा, कासरा, पेन, सगळं अंगठा आणि दोन बोटांनी धरलं आणि कधी अडलं नाही. पण काठीवर शरीराचा भार टाकायचा असतो आणि तो भार नेमका तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूवर येतो. तिथे धरायला त्यांच्याकडे काही नाही. पोहरादेवीहून आणलेली वेळूची काठी त्यांच्या हातातून फिरायची. तुमच्या बाबाने ऑनलाइन मागवून दिलेली मऊ मुठीची काठीही फिरली. सुताराने लाकडाची मूठ करून दिली, ती अरुंद जागी चिरली आणि त्या दिवशी ते दाराच्या चौकटीवर आदळले. पडले नाहीत, पण घाबरले.

त्यानंतर त्यांनी वॉकर सोडला नाही आणि वॉकर उंबऱ्याबाहेर चालत नाही. शेताचा विषय निघाला की ते दुसरं काहीतरी बोलायचे. मग एक दिवस जेवताना म्हणाले की, पाडव्याला शेत ठोक्याने देऊन टाकू. इथे शेतीचे करार पाडव्याला होतात. एकदा ठोक्याने दिलं की वर्षभर तिथे पेरणारा दुसरा आणि बांधावर उभा राहणाराही दुसरा. आमचं पोट शेतावर अवलंबून नाही, माझी पेन्शन आहे. पण तुमच्या आजोबांना बिनशेताचं मी कधी पाहिलेलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती. हरभरा तेव्हा घाट्यावर आला होता. पाडव्याला थोडेच आठवडे उरले होते.

सुताराने केलेली मूठ चुकीची नव्हती, ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची होती. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा पुढचं सोपं वाटलं. आजोबांच्या हाताचीच मूठ हवी आणि ती चिरणार नाही अशी हवी. मी काळ्या मातीचा गोळा तिंबून त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, काठीवर भार टाकता तसा हात दाबा.

"पोया आला का?" त्यांनी विचारलं. पोळ्याला इथे मातीचे बैल करतात, त्यावरून.

मी म्हटलं, बैल नको, मूठ पाहिजे. त्यांनी हात दाबला. अंगठ्याचा खळगा, दोन बोटांच्या खाचा आणि जिथे दोन बोटं नव्हती तिथे तळहाताचा एक रुंद उतार. ती बाजू मी मुद्दाम वर उचलून घेतली, म्हणजे भार टाकल्यावर हात तिथून निसटायला नको. ती माती सावलीत वाळवली, भेगा मेणाने बुजवल्या, वरून घासून गुळगुळीत केली. हा माझा नमुना. धातू थंड होताना आकसतो हे मला माहीत होतं, म्हणून मी नमुन्यावर मेणाचा एक पातळ हातही दिला. इतका विचार मी केला होता, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

साचा मी या वेळी संध्याकाळीच भरून ठेवला, म्हणजे सकाळी फक्त भट्टीकडे बघता येईल. चौकटी अंगणात भट्टीजवळ ठेवल्या आणि वर गोणपाट टाकलं. सकाळी उठून आले तर गोणपाटावर हळदीकुंकू वाहिलेलं. मला हसू आलं. म्हणजे जाऊबाईंनी माझं काम शेवटी देवाच्या पदरात घातलं होतं. मी गोणपाट उचलून बाजूला ठेवलं. रेती ओलसर दिसत होती, पण ती ओलसरच असते.

आजोबा खुर्चीवर बसून डाव्या हाताने पंखा फिरवत होते. आजारपणात हे एकच काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. खुर्ची भट्टीपासून लांब होती. कोळसा लाल होऊन पांढरा झाला, मुशीतले पिस्टन खचले, वर दुधावर येते तशी मळी आली, ती मी काढून टाकली. सांडशीने मूस उचलली आणि साच्याच्या भोकात ओतू लागले.

आधी गुळणी केल्यासारखा आवाज आला. मग ओतलेला सगळा धातू भोकातून परत वर उडाला. मी मूस तशीच रेतीच्या ढिगाऱ्यात टाकून मागे सरले. थेंब सगळीकडे पडले, पत्र्यावर, ओट्यावर, माझ्या बुटावर. एक थेंब लांब जाऊन आजोबांच्या गुडघ्यांवरच्या शालीवर पडला आणि शाल जळायला लागली. त्यांनी ती हाताने झटकून दूर फेकली. त्यांच्या बोटाला चटका बसला, तेवढाच. माझ्या बुटाला भोक पडलं, पाय वाचला. हे सगळं इतकंच घडलं. तुमच्या बाबाच्या गोष्टीत पत्रे उडतात, ते उडाले नव्हते.

जाऊबाई धावत आल्या. मी त्यांना विचारलं, इथे पाणी कुणी टाकलं?

"कोन म्हंजे? मीच. रोजचा सडा टाकला," त्या म्हणाल्या. "नव्या कामाची जागा कोरडी कशी ठेवाव? तिथं तं मी दोन ओंजळी जास्तच टाकल्या."

सडा तुम्हाला आठवत असेल, पहाटे अंगणात शेणाचं पाणी शिंपडतात, मग रांगोळी घालतात. जाऊबाईंचा तो कधी चुकत नाही. साचा रात्रभर बाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ होती, एरवी मी तो सकाळी भरून लगेच ओतायची. त्या पाणी मारणार हे माझ्या मनात आलं नाही आणि पाणी गोणपाटातून झिरपून भोकातून आत जाऊन पोकळीच्या तळाशी साचेल हे त्यांच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. पण त्या वेळी माझा आवाज चढला. इतका चढला की त्या आपल्या घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

आजोबा खुर्चीतच होते. बोटाला लावायला मी तूप आणलं तेव्हा ते जळक्या शालीकडे बघत होते.

"मले उठता नाही आलं," ते म्हणाले. "सगयं अंगावर येऊन राह्यलं होतं आन् मी बसूनच."

मी ती शाल उचलून आत नेली.

तुमच्या बाबाला हे जाऊबाईंनी कळवलं असणार, कारण मी कळवलं नव्हतं. त्याचा फोन आला. त्याने मला इंग्रजीत बरंच ऐकवलं. तो रागावला की इंग्रजीत जातो, मीच शिकवलेल्या. या वयात हे खेळ नकोत, भट्टी मोडून टाक, मी इथून हाताच्या विकारांसाठी मुद्दाम बनवलेली उत्तम मूठ पाठवतो, असं तो म्हणाला. त्याचं चुकत होतं असं नाही. लांब राहणाऱ्या मुलाला भीती दुप्पट वाटते. मी ऐकून घेतलं आणि हो म्हणायच्या बेतात होते. आजोबांनी हात पुढे करून फोन मागितला.

"बाबू," ते म्हणाले, "तू धाडशीन ते पाच बोटांचं राहीन. माही तीन हायत."

पलीकडून तो काहीतरी बोलला. आजोबांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले की त्याची आई साचा आता घरात ठेवेल, आणि फोन माझ्या हातात दिला. मला ते एवढंच म्हणाले, "अजून एकदा ओत."

मी ओतलं. साचा सकाळी भरला, लगेच ओतला आणि त्या दिवशी अंगणात सडाच पडला नाही. जाऊबाईंचं दार बंदच होतं. रांगोळीही नव्हती. अंगण कोरडं, मला हवं होतं तसंच, पण बघायला चांगलं वाटत नव्हतं.

मूठ छान निघाली. करंगळीच्या बाजूला एक बारीक छिद्र राहिलं, पण आजोबांचं बोट तिथे नाहीच. मी ती कानशीने घासली, वाशीम रोडवरच्या वेल्डिंगवाल्याकडून खालून भोक पाडून घेतलं आणि वेळूच्या काठीवर ठोकून आडवा खिळा मारला. आजोबांनी हातात घेतली.

"ही तं लेकराची मूठ हाय," ते म्हणाले.

मी बघितलं तर खरंच बोटं खाचांच्या बाहेर येत होती. मी पुन्हा सगळा हिशेब मनात फिरवला. धातूचं आकसणं मी धरलं होतं. मग मला अंगणाच्या कडेची जमीन दिसली, उन्हाने भेगाळलेली, हात जाईल एवढ्या भेगा. काळी माती वाळली की आकसते, ती धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसते. मी वर्गात दरवर्षी शिकवलेला धडा आहे हा. आपल्या गावातल्या सगळ्या घरांच्या भिंती त्यामुळे तडकतात. आणि मी ओल्या मातीत घेतलेला हात वाळवून त्याचाच नमुना केला होता. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी हसले.

ते म्हणाले, असू दे, फिरत तरी नाही. खाचा लहान होत्या, पण आकार त्यांच्याच हाताचा होता आणि काठी हातात वळत नव्हती. ते घरात चालू लागले, मग ओट्यावर, मग उंबरा ओलांडून फाटकापर्यंत. मी मागे मागे जाऊ नये अशी ताकीद होती, म्हणून खिडकीतून बघायची. एकदा ते वळणावरच्या कडुनिंबापर्यंत गेले. हरभरा सोंगायला, म्हणजे कापणीला, आला होता आणि त्यांच्या तोंडी पुन्हा शेताचं नाव येऊ लागलं.

मग ऊन तापलं. एका दुपारी फाटकाशी कुणाशी बोलत उभे असताना त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. ओळखीचा माणूस होता, गप्पा लांबल्या. परत निघताना त्यांनी काठी धरली आणि लगेच सोडून दिली. आपल्याकडच्या उन्हात उभी राहिलेली ॲल्युमिनियमची मूठ, चुलीवरून उतरवलेल्या झाकणासारखी झाली होती. काठी पडली, त्यांचा तोल गेला, भिंत होती म्हणून सावरले. आत येऊन त्यांनी काठी खुंटीला लावली आणि वॉकर घेतला.

"घरात बरी हाय ती," ते म्हणाले. "शेतात सावली कोन धरीन तिच्यावर?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शेत म्हणजे ऊनच. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका शेजाऱ्याला निरोप पाठवला, की पाडव्याला येऊन जा, शेताचं बोलू.

हे जाऊबाईंच्या कानावर गेलं. एका अंगणात राहतो, न बोलताही सगळं कळतं. दुपारी त्या आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. खुंटीवरची काठी काढून घेऊन ओट्यावर बसल्या आणि पिशवीतून जुन्या धोतराच्या पट्ट्या काढल्या. धोतर तुमच्या मोठ्या आजोबांचं होतं. ते गेल्यावर त्यांनी ती धोतरं गोधड्यांसाठी राखून ठेवली होती. पट्टी ताणून ताणून त्यांनी मुठीला गुंडाळली, खाचांमध्ये बोटाने दाबून बसवली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने गोधडीचे टाके घातले. मी शेजारी जाऊन बसले. दोरा ओवून द्यायला लागले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुयं जर्मन भाकरीवानी तापते. कायले केलं मंग?"

मी म्हटलं, लाकूड चिरलं म्हणून.

"अन् माह्या सड्यानं तुयी भट्टी बाटली नं."

मी म्हटलं, बाटली नाही, उडाली. त्यांनी दोरा तोडला आणि हसू दाबलं. आमच्यात असंच मिटतं.

आजोबांना हाक मारली. त्यांनी काठी घेतली. तीन बोटं कापडावर बसली, अंगठा खळग्यात गेला. त्यांनी भार टाकून बघितला, हात थोडा सोडून पुन्हा आवळला.

"आता माही हाय," ते म्हणाले.

मातीने आकसून जेवढं खाल्लं होतं, तेवढं कापडाने भरून दिलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, मले माहीतच होतं. त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी ते उन्हासाठी केलं होतं. पण मलाही कुठे माहीत होतं.

पाडव्याला तो शेजारी आला. मी चहा केला. बराच वेळ तो बसून राहिला, मग विचारलं, काका कुठे आहेत? मी सांगितलं, शेतात गेलेत. सोंगणीवाल्या बायांना उशीर झाला म्हणून स्वतःच बघायला निघाले. तो समजला. चहा संपवून, गुढीला नमस्कार करून गेला. आजोबा परतले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं होतं आणि मजुरांवरचा राग अजून उतरला नव्हता. ठोक्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

सडा आता पुन्हा रोज पडतो. फक्त संध्याकाळी जाऊबाई ओट्यावरून विचारतात, उद्या ओतनार हायस का? हो म्हटलं तर सकाळी अंगणभर सडा असतो आणि भट्टीभोवती मोठं कोरडं वर्तुळ. त्या वर्तुळाला त्या रांगोळीची किनार घालतात.

तुमच्या बाबाला मी कळवलं आहे की पुढच्या वेळी नमुना मेणाचाच करणार, माती नाही. ही मूठ मात्र बदलायला आजोबा तयार नाहीत. कापड मळतं, ते जाऊबाई बदलून देतात. मागच्या रविवारी तुम्हाला काठी खुंटीवर दिसली, कारण त्या दिवशी त्यांना थोडा ताप होता. आज सकाळी ते नांगरटीकडे बघायला गेले आहेत आणि खुंटी रिकामी आहे. त्यांच्याशी बोलायचं असेल तर इथला सूर्य मावळल्यावर फोन करा. त्याआधी ते घरी सापडायचे नाहीत.